गरम हवेची जाळी जमिनीत असावी की छतात? परभणीच्या एका बंगल्यासाठी सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीत आपल्या दुमजली बंगल्याचे काम जोत्यापर्यंत आले आहे. त्यात उन्हाळ्यात घर थंड करणारी आणि डिसेंबर-जानेवारीत तेच घर उबदार ठेवणारी डक्टची (हवा वाहून नेणाऱ्या नळांची) यंत्रणा बसवायची आहे. आपल्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि थंडीत त्यांचे गुडघे आखडतात. आपली मुलगी मेलबर्नला राहते. तिच्या घरात लाकडी जमिनीतल्या जाळ्यांमधून गरम हवा वर येते, आणि तिथे एक हिवाळा काढून आल्यापासून मातोश्रींचे म्हणणे आहे की ऊब पायांकडूनच आली पाहिजे. आपला कंत्राटदार मात्र सगळ्या जाळ्या फॉल्स सीलिंगमध्येच बसतील यावर ठाम आहे. यातले बरोबर कोणाचे, असे आपण विचारले आहे.

मातोश्रींचे निरीक्षण अचूक आहे आणि कंत्राटदाराचा निष्कर्षही बरोबर आहे. फक्त त्या निष्कर्षामागचे अर्धे काम कंत्राटदाराने सांगितलेले दिसत नाही. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: आपल्या घरात हवा सोडणाऱ्या जाळ्या वर असाव्यात, हवा परत घेणारी जाळी जमिनीलगत असावी, आणि मातोश्रींच्या खोलीपुरती भिंतीच्या पायथ्याशी एक जादा जाळी काढावी. जमिनीत, म्हणजे फरशीत, एकही जाळी नसावी. याची कारणे क्रमाने देतो, कारण जोत्याचा भराव आणि पहिला स्लॅब पडण्यापूर्वी काही गोष्टी ठरल्या नाहीत तर नंतर त्या करता येत नाहीत.

मुळात गरम हवा वर जाते हे सर्वांना ठाऊक असते, पण ती किती जोराने वर जाते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. ४५ अंश सेल्सिअसची हवा १८ अंशांच्या हवेपेक्षा साधारण साडेआठ टक्क्यांनी हलकी असते. छतातल्या जाळीतून ही हवा सावकाश सोडली तर ती छताखालीच पसरून राहते, आणि खाली बसलेल्या माणसाच्या पोटऱ्या थंडच राहतात. उलट १३ अंशांची थंड हवा २७ अंशांच्या खोलीत सोडली की ती जवळपास पाच टक्क्यांनी जड असल्यामुळे आपोआप खाली उतरते. म्हणून जिथे वर्षातला मोठा काळ घर गरम करावे लागते तिथे जाळी खाली असणे निसर्गाला धरून आहे, आणि जिथे मोठा काळ घर थंड करावे लागते तिथे ती वर असणे निसर्गाला धरून आहे. एकाच जाळीतून दोन्ही कामे करून घ्यायची झाल्यास एका ऋतूत तरी निसर्गाविरुद्ध जावे लागते, आणि तो ऋतू कोणता निवडायचा एवढाच खरा प्रश्न उरतो.

मेलबर्नमध्ये जुलै हा ऐन हिवाळ्याचा महिना असतो. त्या महिन्यात कमाल तापमान १४ अंशांच्या आसपास आणि किमान ६ ते ७ अंश असते; म्हणजे दुपारीसुद्धा घर आपण होऊन तापत नाही, आणि मे ते सप्टेंबर हा सगळा काळ यंत्र चालू ठेवावे लागते. तिथली जुनी लाकडी घरे खुंटांवर उभी असतात, त्यांच्या जमिनीखाली रांगत जाता येईल एवढी पोकळी असते आणि त्या पोकळीतून गोल लवचीक डक्ट फिरवलेले असतात. गॅसच्या भट्टीतून साधारण ५० ते ६० अंशांची हवा येते, आणि ती खिडकीखालच्या जाळीतून वर आली की थंड काचेवरून घसरून खाली येणाऱ्या गार झोताला तिथल्या तिथे अडवते. मातोश्रींना तिथे जे सुख वाटले त्यामागे ही एवढी जुळणी आहे.

पण त्याच मेलबर्नच्या नव्या उपनगरांत जमिनीवर थेट काँक्रीटचा स्लॅब टाकून घरे बांधतात, आणि तशा घरांत गरम हवेच्या जाळ्या छतातच असतात, कारण खाली डक्ट न्यायला जागाच नसते. म्हणजे तिथेसुद्धा हा निर्णय बहुतेक वेळा घराची जमीन कशी आहे यावरून होतो, सुखाचा विचार नंतर येतो. ज्यांच्याकडे जमिनीतल्या जाळ्या आहेत त्यांच्यापैकी बरेच जण उन्हाळ्यासाठी छपरावर बाष्पीभवनाचा कूलर वेगळा बसवतात आणि त्याच्या जाळ्या छतात वेगळ्या काढतात. एकाच घरात दोन स्वतंत्र डक्ट असणे तिथे नवलाचे नाही, आणि मुलीच्या घरी छताकडे पाहिल्यास तशा मोठ्या चौकोनी जाळ्या दिसण्याचा बराच संभव आहे. आणखी एक गोष्ट तिच्याही उपयोगाची आहे. मेलबर्न ज्यात येते त्या व्हिक्टोरिया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून नियोजन परवाना लागणाऱ्या नव्या घरांना गॅस जोडता येत नाही, आणि जुनी घरेही हळूहळू हीट पंपाकडे, म्हणजे उलट चालून ऊब देणाऱ्या एसीसारख्या यंत्राकडे, वळत आहेत. हीट पंपाची हवा ३५ ते ४५ अंशांचीच असते, त्यामुळे तेवढीच ऊब पोचवायला हवा जास्त लागते आणि गॅससाठी टाकलेले जुने डक्ट त्याला अनेकदा अपुरे पडतात.

आता परभणीकडे येऊ. मराठवाड्यात थंडी नसते असे म्हणणाऱ्याने परभणीत जानेवारीची पहाट काढलेली नसावी. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परिसरात पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. तरीही त्याच दिवशी दुपारी दोन वाजता अंगातला स्वेटर काढावा लागतो. घर गरम करण्याची गरज इथे रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत, आणि तीही पाच-सहा आठवडे असते. घर थंड करण्याची गरज मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत दिवसरात्र असते, मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर असतो, आणि ऑक्टोबरचा उन्हाळा वेगळाच. या हिशेबात छताची जाळी सहज जिंकते, आणि हिवाळ्याची जी अडचण उरते ती दुसऱ्या उपायांनी सोडवता येते. उलट केले तर उन्हाळ्याची अडचण सुटत नाही: फरशीतून आलेली थंड हवा घोट्यापर्यंत साचते, पाय गारठतात, आणि डोक्याच्या पातळीवर उकाडा तसाच राहतो.

एवढ्यावरच भागले असते तरी मी फरशीतल्या जाळीला नकार दिला असता. पण आपल्याकडच्या जमिनीची कारणे याहून भारी आहेत. आपल्या जोत्यात मुरमाचा भराव, त्यावर पीसीसी (सळईविना काँक्रीट) आणि त्यावर फरशी असते; खाली पोकळी नसते. डक्ट न्यायचा तर तो भरावात पुरावा लागेल. परभणीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आपणास मी सांगायला नको. भराव कितीही चांगला ठोकला तरी पुरलेल्या डक्टचे सांधे काही वर्षांत हलतात, आणि एकदा सांधा सुटला की त्यातून ओल शिरते. शिरलेली ओल बाहेर काढायला मार्ग नसतो आणि तीच हवा घरभर फिरते. याखेरीज जोत्यात वाळवी-प्रतिबंधक औषधाची फवारणी आपण केलीच असेल. त्यासाठी क्लोरपायरीफॉससारखे कीटकनाशक सर्रास वापरले जाते. ज्या मातीत ते मुरले आहे त्याच मातीतून आपण श्वासाची हवा नेणार असू, तर डक्ट गळका निघाला तेव्हा काय होईल याचा विचार आधीच केलेला बरा. घुशी आणि उंदीर यांचा तर उल्लेखही पुरेसा आहे.

पावसाळ्याचा मुद्दा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होते तो, २२-२३ अंशांच्या आसपास असतो. १३-१४ अंशांची हवा सोडणारी धातूची जाळी फरशीत असेल तर तिच्या कडांवर आणि शेजारच्या फरशीवर पाणी सुटते. छतातल्या जाळीलाही कधीकधी घाम येतो, पण तिथून पडलेला थेंब दिसतो आणि आपण इलाज करतो. फरशीवरच्या त्या ओलसर पट्ट्यावर ऐंशी वर्षांच्या माणसाचा पाय घसरू शकतो.

आणि शेवटी आपली राहणी. आपल्या घरात फरशी रोज पुसली जाते, सणावाराला बादलीने पाणी ओतून धुतली जाते. देवघरासमोर रांगोळी असते, धान्य निवडले जाते, खाली बसून जेवणारी माणसे अजून आहेत. फरशीत उघडी जाळी असली की पाणी, रांगोळी, केस, ज्वारीचे दाणे आणि लहान मुलांची खेळणी तिच्यात जातात. एका औद्योगिक वसाहतीतल्या विश्रामगृहात अशा जाळ्या काढून साफ करण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि त्यांच्या तळाशी फिनाइलच्या पाण्यात भिजून घट्ट झालेला चिखलाचा थर खरवडून काढावा लागला होता. खोलीत फिनाइलचा वास का येतो याचे उत्तर तिथल्या व्यवस्थापनाला तेव्हा मिळाले. मेलबर्नच्या घरात जमीन झाडायला व्हॅक्यूम क्लीनर असतो, म्हणून तिथे हे चालते.

आपल्या भागात जमिनीतून जाळी काढणे खरोखर शक्य असते ते एकाच प्रकारच्या घरात. जुन्या वाड्यांच्या माडीला लाकडी तुळया आणि वर फळ्यांचा तक्तपोस असतो. तिथे तुळयांच्या मधून डक्ट नेता येतो. आपले घर आरसीसीचे आहे, त्यामुळे पहिल्या मजल्यावरही हे करू नये. खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमधून स्लॅबला भोके ठेवून वर जाळ्या काढता येतील असे कोणी सुचवले, तर त्यासाठी स्लॅब भरण्यापूर्वी चौकटी ठेवाव्या लागतात आणि प्रत्येक भोकाभोवती जादा सळई लागते. एवढे करूनही उन्हाळ्याची आणि फरशी धुण्याची अडचण तशीच राहते.

आता छतातून गरम हवा सोडूनही पाय उबदार कसे राहतील, हा भाग बघू. कंत्राटदाराने आपल्याला सांगायला हवा होता तो हाच.

पहिली गोष्ट जाळीचा प्रकार. आपल्याकडे सर्रास बसवला जातो तो चारी बाजूंना हवा फेकणारा चौकोनी डिफ्यूझर. तो हवेला छताला चिकटवून दूर पसरवतो. उन्हाळ्यासाठी हे उत्तम, कारण थंड हवा अंगावर न पडता पसरते आणि मग खाली उतरते. हिवाळ्यात मात्र हाच गुण दोष ठरतो, कारण छताला चिकटलेली गरम हवा तिथून हलतच नाही. म्हणून खोल्यांमध्ये मी चौकोनी डिफ्यूझर सुचवणार नाही. त्याऐवजी फॉल्स सीलिंगच्या उतरत्या पट्टीत, म्हणजे भिंतीच्या वरच्या भागात, आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही पात्या हलवता येणारी जाळी घ्यावी. समोरच्या आडव्या पात्या उन्हाळ्यात सरळ किंवा किंचित वर ठेवायच्या आणि हिवाळ्यात ३० ते ४५ अंश खाली वाकवायच्या. हे काम वर्षातून दोनदा स्टुलावर चढून हाताने करावे लागते. दिवाळीनंतर खाली आणि होळीनंतर वर, एवढे लक्षात ठेवले की झाले. पात्या पक्क्या असलेली स्वस्त जाळी कंत्राटदार सुचवील, ती घेऊ नये.

दुसरी गोष्ट हवेचा वेग. गरम हवेला खाली ढकलायचे तर तिला जोर हवा. १२ बाय १४ फुटांच्या खोलीत १५० सीएफएम (मिनिटाला १५० घनफूट) हवा द्यायची असे धरू. १२ बाय ६ इंचांच्या जाळीत पात्या वजा जाता साधारण दोनतृतीयांश जागा मोकळी असते, म्हणजे हवा मिनिटाला ४५० फुटांच्या आसपास वेगाने बाहेर पडते. हा वेग दहा फूट उंचीच्या खोलीत पात्या वाकवल्यावर हवा खाली आणायला पुरतो आणि शयनगृहात आवाजही फार होत नाही. आवाज नको म्हणून जाळी दुप्पट मोठी घेण्याचा मोह होतो. तसे केल्यास वेग निम्मा होतो आणि गरम हवा छताखाली लोंबकळत राहते. इथे एक पथ्य पाळावे लागते. माणसाच्या त्वचेचे तापमान ३३-३४ अंश असते, त्यामुळे हीट पंपाची ३५-३६ अंशांची हवा अंगावर वेगाने आली तर ती गरम असूनही गार वाटते. झोताची दिशा म्हणून पलंगाच्या बाजूने काढावी, पलंगावरून काढू नये. याच १५० सीएफएममध्ये खोलीपेक्षा १८ अंश जास्त गरम हवा मिळाली तर साधारण दीड किलोवॉट ऊब पोचते, आणि आपल्याकडच्या थंडीत एका खोलीला ती पुरेशी आहे.

छताचा पंखा आपल्याकडे प्रत्येक खोलीत असतोच, आणि हिवाळ्यात तो बंद ठेवण्याची आपल्याला सवय आहे. डक्टमधून ऊब येत असताना तो सर्वांत मंद वेगावर फिरवल्यास छताखाली साचलेली ऊब भिंतींच्या कडेने खाली येते. उलट फिरणारा बीएलडीसी पंखा मिळाल्यास अधिक चांगले, कारण त्याचा वारा अंगाला लागत नाही.

आता परतीच्या जाळीविषयी, कारण या सगळ्यात सर्वाधिक दुर्लक्षित तीच आहे. आपल्याकडे रिटर्नची जाळी फॉल्स सीलिंगमध्ये यंत्राच्या खाली ठेवून मोकळे होतात. हिवाळ्यात याचा परिणाम असा होतो की वरून सोडलेली गरम हवा वरूनच यंत्रात परत जाते, थर्मोस्टॅटला वाटते की खोली तापली, यंत्र थांबते आणि जमिनीवरचा गार थर जागचा हलत नाही. परतीची जाळी लांबून हवा ओढत नाही. तिचा जोर दोन-तीन फुटांच्या पुढे जाणवत नाही. पण ती जमिनीलगत असली की तिथे जे साचलेले असते तेच आधी जाते, आणि गेलेल्या गार हवेची जागा वरची उबदार हवा घेते. म्हणून तळमजल्यावर परतीची जाळी स्कर्टिंगच्या वर सहा इंचांवर सुरू व्हावी, असा माझा आग्रह आहे.

त्यासाठी जागा आत्ताच राखावी लागेल. साडेपाच टनांचे यंत्र टनाला ४०० सीएफएम या नेहमीच्या हिशेबाने २२०० सीएफएम हवा फिरवते. जाळीच्या तोंडाशी वेग मिनिटाला ३५० फुटांच्या आसपास ठेवायचा तर ३० बाय ३० इंचांची जाळी लागते. लहान घेतली तर ती शिट्टी वाजवते. जमिनीपासून छतातल्या यंत्रापर्यंत हवा नेणारा उभा डक्ट तीन चौरस फुटांचा लागतो, किंवा १८ बाय १२ इंचांचे दोन वेगळे उभे डक्ट दिवाणखान्याच्या दोन टोकांना लागतात. दोन डक्ट मला अधिक पसंत आहेत, कारण ते कपाटाच्या शेजारी सहज लपतात. वास्तुविशारदाला हे माप आज सांगितले तर नकाशात ते बसेल. प्लॅस्टर झाल्यावर सांगितले तर उत्तर ‘जागा नाही’ असेच येईल. जमिनीलगतची परतीची जाळी धूळ जास्त ओढते, म्हणून फिल्टर जाळीतच, बिजागरीच्या झाकणामागे असावा आणि तो कापसाच्या हंगामात दर पंधरवड्याला धुवावा. झाडलेला कचरा त्या जाळीकडे ढकलायचा नाही, हे घरातल्या सर्वांना बजावून ठेवावे.

उन्हाळ्यात खालची परत थोडी तोट्याची असते हे मान्य केले पाहिजे, कारण तेव्हा आधीच गार झालेली हवा यंत्रात जाते. तळमजल्यावर हा तोटा किरकोळ आहे. पहिल्या मजल्यावर वरचा गच्चीचा स्लॅब मे महिन्यात तापलेला असतो आणि खरा उकाडा छताखालीच असतो, म्हणून तिथे परतीच्या दोन जाळ्या ठेवाव्यात: एक वर, एक खाली, आणि मध्ये एकच डँपर (झडप) असा की एक उघडली की दुसरी बंद होईल. होळीला वरची उघडायची, दिवाळीला खालची. दोन स्वतंत्र झडपा ठेवू नयेत. कधीतरी दोन्ही बंद राहतात, हवा थांबते आणि उन्हाळा असेल तर यंत्राची कॉइल बर्फाने गोठते. पहिल्या मजल्याचा डक्ट गच्चीवरून उघड्यावर नेऊ नये आणि फॉल्स सीलिंगमध्येही त्यावर चांगल्या जाडीचे नायट्राइल रबर किंवा तत्सम आवरण असावे.

दोन मजल्यांना दोन स्वतंत्र यंत्रे घ्यावीत. एकच मोठे यंत्र स्वस्त पडते असे सांगितले जाईल, पण आपला जिना उघडा आहे, आणि उघडा जिना हिवाळ्यात तळमजल्याची ऊब वर नेणारे धुराडेच असतो. मातोश्री खाली राहणार आहेत. जिन्याच्या पायथ्याशी दार करता आले तर उत्तम. न आल्यास निदान खालचे यंत्र आणि थर्मोस्टॅट खालच्या मजल्यापुरते स्वतंत्र असू द्यावेत, आणि तो थर्मोस्टॅट बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, जाळीच्या झोतापासून दूर लावावा.

दारांचा प्रश्न छोटा वाटतो, पण हिवाळ्यात त्यानेच सगळे बिघडते. रात्री खोलीचे दार लावले की आत येणाऱ्या १५० सीएफएम हवेला परतीच्या जाळीपर्यंत जायला वाट उरत नाही. खोलीत दाब वाढतो आणि येणारी हवाच कमी होते. दाराखाली पाऊण इंच फट ठेवा असे पुस्तकी उत्तर आहे. ३६ इंचांच्या दाराखाली तेवढ्या फटीने २७ चौरस इंच जागा मिळते, आणि आपल्याला ७० ते ८५ चौरस इंच हवी असते; शिवाय उंबरा असला की फट उरतच नाही. म्हणून खोली आणि पॅसेज यांच्या मधल्या भिंतीत, आवाज थेट जाणार नाही अशा बेताने, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर उघडणारी पोकळी ठेवून दोन्हीकडे जाळी लावावी. खोलीच्या बाजूचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे गार थर त्यातूनच निघून जातो.

आता मातोश्रींची खोली. तिच्या वरच्या डक्टमधून ४ बाय १२ इंचांचा एक उभा फाटा भिंतीलगत, कपाटाच्या कडेने पेटीत घेऊन खाली आणावा आणि जमिनीपासून सहा इंचांवर भिंतीत जाळी काढावी. फाट्याच्या तोंडाशी डँपर ठेवावा. उन्हाळ्यात हवा वरच्या जाळीतून आणि हिवाळ्यात खालच्या जाळीतून सोडता येईल. ही जाळी फरशीत नसल्यामुळे तिच्यात पाणी जात नाही, आणि गरम हवा जमिनीला लागून पसरत पसरत वर चढते, म्हणजे मेलबर्नला मिळाले होते तेच सुख. भिंत फोडून हा फाटा आत घालू नये, नऊ इंची भिंतीत चार इंच खोदणे योग्य नाही. जाळी पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीत असावी आणि तिच्यापुढे कपड्यांची पेटी किंवा गाठोडे ठेवले जाणार नाही अशी जागा निवडावी. प्रत्येक खोलीत हे करावे का, असे आपण विचाराल. नाही, खर्च आणि कपाटांची जागा पाहता एका खोलीपुरतेच ते शहाणपणाचे आहे.

यंत्र घेताना ते ‘हॉट अँड कोल्ड’ आहे याची लेखी खात्री करावी. आपल्या बाजारातली बरीच डक्टेबल यंत्रे फक्त थंड करणारी असतात आणि नंतर डक्टमध्ये विजेची कॉइल बसवून ‘हीटिंग’ दिले जाते. हीट पंप एक युनिट विजेत आपल्या हवामानात साधारण तीन युनिट ऊब देतो. विजेची कॉइल एकाला एकच देते. आणि यंत्रणा तयार होईपर्यंतच्या हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी कृपया ठेवू नये; तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यापेक्षा तेलाचा रेडिएटर सुरक्षित आहे.

फॉल्स सीलिंगमधले यंत्र वजनदार असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात छताला काही टांगताना निष्काळजीपणाला जागा नाही. यंत्र आणि मोठे डक्ट स्लॅबमध्ये अँकर केलेल्या दांड्यांवर आणि आडव्या ताणांसह टांगलेले असावेत, पीओपीच्या चौकटीवर त्यांचा भार अजिबात येऊ नये.

शेवटची गोष्ट चाचणीची. ही यंत्रे बहुधा मार्च-एप्रिलमध्ये बसतात, थंड हवा येते, सगळे खूश होतात आणि पूर्ण पैसे दिले जातात. गरम हवेची परीक्षा होईपर्यंत कंत्राटदार दुसऱ्या गावी गेलेला असतो. आपण करारात असे लिहून घ्यावे की दहा टक्के रक्कम डिसेंबरमधल्या चाचणीनंतर दिली जाईल. चाचणी सोपी आहे. पहाटे यंत्र तासभर चालवावे, दार लावून घ्यावे, आणि खोलीच्या मध्यभागी दोन थर्मामीटर ठेवावेत, एक जमिनीपासून चार इंचांवर आणि दुसरा ४३ इंचांवर, म्हणजे घोट्याच्या आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. ॲशरे या अमेरिकी संस्थेच्या ५५ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे या दोहोंत तीन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. फरक जास्त आला तर आधी पात्या आणखी वाकवून पाहाव्यात, मग पंखा मंद फिरवून पाहावा, आणि तरीही कमी होत नसेल तर परतीच्या जाळीसमोर उदबत्ती धरावी. धूर जाळीकडे ठामपणे खेचला जात नसेल तर परतीचा डक्ट कुठेतरी फॉल्स सीलिंगच्या पोकळीत उघडा आहे किंवा अपुरा आहे, आणि तो दुरुस्त करून देण्याची जबाबदारी कंत्राटदाराची आहे.